राउटरचा वॅन पोर्ट जळाला: डेस्कटॉपवरचं नेट दोन्ही मजल्यांवर कसं द्यायचं?

मानेवाडा_मजला२
घर नागपुरात मानेवाड्याला, खाली आम्ही, वर दादा-वहिनी. नेट लोकल केबलवाल्याचं, १५० एमबीपीएसचा प्लॅन. खांबावरून साधी लॅनची तार घरात येते आणि युजरनेम-पासवर्ड टाकून डायल करावं लागतं, म्हणजे पीपीपीओई. परवा विजा कडाडल्या तेव्हा राउटरचा वॅन पोर्ट, म्हणजे बाहेरची तार लावायचा पोर्ट, गेला, त्याचा दिवाच लागत नाही. घरातल्या यंत्रांसाठीचे चार लॅन पोर्ट आणि वायफाय मात्र धडधाकट आहेत. सध्या तार थेट डेस्कटॉपमध्ये घालून डायल करून राहिलो. विंडोज ११ आहे, त्यावर नेट झकास चालून राहिलं. वरच्या मजल्यावर एक लॅपटॉप, एक टीव्ही आणि चार मोबाइल आहेत. नवा राउटर पुढच्या महिन्यात घेऊ, तोवर डेस्कटॉपवरूनच सगळ्यांना नेट देता येईल का? डेस्कटॉपला लॅन पोर्ट एकच आहे.

सावजी_सर्व्हर
येतं ना भाऊ. विंडोजमध्ये ही सोय ९८ सेकंड एडिशनपासून, म्हणजे १९९९ पासून आहे. नाव इंटरनेट कनेक्शन शेअरिंग, पुढे आयसीएस म्हणतो. तुमचा डेस्कटॉपच राउटर होतो: एका बाजूने नेट घेतो, दुसऱ्या बाजूने घरातल्यांना पत्ते वाटतो आणि सगळ्यांचा ट्रॅफिक आपल्या एका पत्त्यावरून बाहेर सोडतो.

त्यासाठी दोन बाजू लागतात, म्हणून आणखी एक लॅन पोर्ट आणा. कॅबिनेट उघडायची तयारी असेल तर पीसीआय एक्सप्रेसचं गिगाबिट कार्ड, नसेल तर यूएसबी ३.० चं गिगाबिट लॅन अडॅप्टर. डब्यावर रिअलटेक आरटीएल८१५३ चिप लिहिलेली असली तर विंडोज ती बहुधा आपसूक ओळखतं. यूएसबी २.० वाला स्वस्त अडॅप्टर बहुतेक १०० एमबीपीएसचाच असतो, तुमच्या १५० च्या प्लॅनला तो पुरणार नाही.

मी आज्ञा आणि मेनू देवनागरीत लिहून राहिलो, टाइप करताना इंग्रजी अक्षरंच वापरा.

विंडोज आणि आर एकत्र दाबा, ‘एनसीपीए डॉट सीपीएल’ टाका. नेटवर्क कनेक्शन्सची खिडकी उघडेल. तिथे आधी नावं बदला: खांबाची तार ज्या पोर्टात आहे त्याला ‘बाहेर’, ज्यातून घरात द्यायचं त्याला ‘घर’. ‘इथरनेट’ आणि ‘इथरनेट २’ मध्ये गोंधळून चुकीच्या जागी टिक करणारे फार असतात. आता तिसरा आयकॉन बघा, पीपीपीओईचा, ज्यावर तुम्ही डायल करता. टिक त्या आयकॉनवर करायची. ‘बाहेर’वर नाही आणि ‘घर’वर तर नाहीच. पत्ता आणि नेट डायल केलेल्या जोडणीवर येतं, ‘बाहेर’ नुसती तार आहे.

पीपीपीओईच्या आयकॉनवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, ‘शेअरिंग’ टॅब. पहिला चौकोन टिक करा, खालच्या यादीत ‘घर’ निवडा. दुसऱ्यांना ही जोडणी बंद-चालू करू देणारा चौकोन असतो, त्यातली टिक काढून टाका. पासवर्ड फक्त तुमच्या लॉगिनपुरता साठवला असेल तर विंडोज इथे कुरकुर करतं. जोडणी ‘हा कॉम्प्युटर वापरणाऱ्या सगळ्यांसाठी’ अशी साठवून पुन्हा करा.

ओके केल्यावर ‘घर’चा पत्ता आपोआप १९२.१६८.१३७.१ होतो, मास्क २५५.२५५.२५५.०. ‘घर’ला हाताने गेटवे, म्हणजे बाहेर जायच्या वाटेचा पत्ता, देऊ नका, तो रिकामाच राहू द्या. तिथे गेटवे टाकला की डेस्कटॉपला बाहेर जायच्या दोन वाटा दिसतात आणि त्याचं स्वतःचं नेटही अधूनमधून जातं.

तारजोड
वरचं सगळं बरोबर, पण त्याआधी एक काम आहे. खांबावरची तार मदरबोर्डच्या पोर्टातून आत्ताच्या आत्ता काढा. ज्या तारेने राउटरचा पोर्ट खाल्ला, तीच तार आता तुमच्या मदरबोर्डला थेट लावलेली आहे. राउटरमध्ये एक पोर्ट गेला, बाकीचा वाचला. मदरबोर्डवर लॅनची चिप गेली तर कधी ती एकटीच जाते, कधी सोबत बरंच काही घेऊन जाते.

पाच पोर्टांचा साधा स्विच घ्या. गिगाबिटच घ्या, १०० वाला हजाराच्या आत मिळतो पण तुमचा प्लॅन त्यात मावत नाही. खांबाची तार स्विचमध्ये, स्विचमधून दोन-तीन फुटांची तार डेस्कटॉपमध्ये. पीपीपीओई स्विचमधून जसंच्या तसं पार होतं, काही सेटिंग लागत नाही. वीज आलीच तर आधी स्विच मरतो. ही हमी नव्हे, जोरदार झटका पुढेही जातो. म्हणून ढग गडगडायला लागले की खांबाची तार हाताने उपसून ठेवायची, आणि हे वादळाच्या आधी, डोक्यावर विजा चमकत असताना नाही.

त्याहून बरं म्हणजे यूएसबी अडॅप्टर ‘बाहेर’साठी लावा आणि मदरबोर्डचा पोर्ट ‘घर’साठी ठेवा.

कायमचा इलाज केबलवाल्याकडे आहे. त्याला विचारा, खांबापासून घरापर्यंत फायबर टाकून देतो का. काच वीज वाहत नाही. आत मीडिया कन्व्हर्टर किंवा ओएनटी, म्हणजे फायबरवरचं नेट लॅनच्या तारेवर आणणारा डबा, लागतो. वायरला आधाराची लोखंडी तार असेल तर ती घराबाहेरच कापून बांधायला सांगा.

मानेवाडा_मजला२
तार काढली. बर्डीवरून स्विच आणि यूएसबी अडॅप्टर आणतो. पण अडॅप्टर ‘बाहेर’ लावला तर केबलवाला पुन्हा मॅक अॅड्रेस, म्हणजे पोर्टाचा स्वतःचा ओळख क्रमांक, मागेल ना? मागे राउटर बदलला तेव्हा मागितला होता.

सावजी_सर्व्हर
मागू शकतो. त्याने मॅक बांधून ठेवला असेल तर डायल करताना एक तर उत्तरच येत नाही किंवा पासवर्ड बरोबर असूनही नाकारतो. फोन करून ‘मॅक रीसेट करा’ एवढंच सांगायचं. फोन लागत नसेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या अडॅप्टरच्या ‘अॅडव्हान्स्ड’ टॅबात ‘नेटवर्क अॅड्रेस’ असा पर्याय बहुतेक ड्रायव्हरांत असतो, तिथे आधीचा बारा अक्षरी मॅक मधल्या रेघा न टाकता भरायचा. मात्र तोच मॅक मदरबोर्डचा असेल आणि तो पोर्ट आता ‘घर’ला लावला असेल, तर एका डेस्कटॉपला दोन्हीकडे सारखाच मॅक होतो. ते टाळा आणि रीसेटच करून घ्या.

धरमपेठ_डेस्क
अडॅप्टर कायले घेता जी? स्विच आहेच तर खांबाची तार, डेस्कटॉप आणि राउटरचा लॅन, तिन्ही त्याच स्विचमध्ये घाला. पीपीपीओई वेगळी जोडणी असते, तिच्यावर टिक करा आणि यादीत तोच एकुलता लॅन पोर्ट निवडा. एका पोर्टात काम होतं.

तारजोड
होतं, पण करू नका, आणि कारण नीट समजून घ्या. आयसीएस त्या पोर्टावर डीएचसीपी चालू करतं, म्हणजे ‘पत्ता पाहिजे’ अशी हाक आली की १९२.१६८.१३७ चा पत्ता देतं. त्याच स्विचला खांबाची तार असली की ही हाक गल्लीतून पण येते. शेजारच्या एखाद्याच्या घरी तार चुकून राउटरच्या लॅन पोर्टात असली, तर त्याच्या टीव्हीला पत्ता तुमचा डेस्कटॉप देतो. त्यांचं नेट बंद, किंवा तुमच्या प्लॅनवर चालू. उलटंही होतं: गल्लीतला दुसरा कोणाचा राउटर तुमच्या वरच्या मजल्याला पत्ते देतो. शिवाय तुमच्या घरातले शेअर केलेले फोल्डर गल्लीला दिसतात. बरेच केबलवाले स्विचवर अशी परकी डीएचसीपी पकडून तो पोर्टच बंद करतात, मग तुम्ही फोन करत बसा.

बाहेरची आणि घरातली तार एका स्विचमध्ये कधीच नको. मध्ये डेस्कटॉप हवाच.

धरमपेठ_डेस्क
हे पटलं. माझ्याकडे ऑपरेटर प्रत्येक घर वेगळ्या व्हीलॅनमध्ये, म्हणजे एकमेकांपासून तोडलेल्या नेटवर्कात, ठेवतो म्हणून कधी अडचण दिसली नाही.

सावजी_सर्व्हर
आता राउटर. वॅन मेला तरी तो स्विच आणि वायफायचा डबा म्हणून छान चालतो. डेस्कटॉपला जोडायच्या आधी तो एकटाच लॅपटॉपला तारेने जोडा आणि त्याच्या पानावर जा, बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१. वायफायचं नाव आणि पासवर्ड आधी ठरवून घ्या. मग लॅनचा पत्ता १९२.१६८.१३७.२ करा. शेवटी डीएचसीपी बंद करून सेव्ह. हाच क्रम पाळा, कारण डीएचसीपी बंद झाल्यावर लॅपटॉपला पत्ता मिळत नाही आणि पानावर परत जायला हाताने १९२.१६८.१३७.५० सारखा पत्ता भरावा लागतो.

त्यानंतर ‘घर’ पोर्टातली तार राउटरच्या कोणत्याही लॅन पोर्टात. वरच्या मजल्याची तारही दुसऱ्या लॅन पोर्टातून. राउटरमध्ये ‘अॅक्सेस पॉइंट मोड’ असं बटण असेल तर ते दाबायचा मोह होईल, पण काही राउटर त्या मोडमध्ये वॅन पोर्टातूनच तार मागतात. तुमचा तर जळालेला आहे. हातानेच करा.

महाल_वायफाय
१३७.२ देण्यात एक खोच आहे. आयसीएस पत्ते .२ ते .२५४ मधून वाटतं आणि ती यादी खिडकीतून बदलता येत नाही. उद्या एखाद्या मोबाइलला .२ दिला तर राउटरशी टक्कर. मी राउटरचा पत्ता १९२.१६८.१.१ च राहू देतो, फक्त डीएचसीपी बंद करतो. स्विच आणि वायफाय म्हणून काम करताना त्या डब्याच्या स्वतःच्या पत्त्याशी कोणालाच देणंघेणं नसतं, ट्रॅफिक त्या पत्त्याशिवायच आरपार जातो. त्याचं पान उघडायचं असेल तेव्हाच लॅपटॉपला तात्पुरता १९२.१६८.१.५० द्यायचा.

सावजी_सर्व्हर
मुद्दा रास्त आहे. टक्कर क्वचित होते, पण झाली की शोधायला जीव जातो. महिन्याभराच्या सोयीला तुमचीच पद्धत बरी. एकच पथ्य: पुढेमागे डेस्कटॉप पीपीपीओईऐवजी १९२.१६८.१ वाल्या एखाद्या राउटरवरून नेट घ्यायला लागला, तर मात्र हा पत्ता बदला. एरवी पान उघडताना कोणता राउटर उघडला तेच कळत नाही.

मानेवाडा_मजला२
सगळं जोडलं. डेस्कटॉपवर ‘घर’ १९२.१६८.१३७.१ दिसून राहिलं. पण वर मोबाइल वायफायला जोडला की पत्ता १९२.१६८.१.१०३ येतो आणि ‘इंटरनेट नाही’ म्हणतो. तारेने जोडलेल्या लॅपटॉपला कधी १३७ चा येतो, कधी १९२.१६८.१ वाला.

महाल_वायफाय
राउटरचं डीएचसीपी बंदच झालं नाही. दोघं पत्ते वाटताहेत, ज्याचं उत्तर आधी पोचलं त्याचा पत्ता लागतो. बऱ्याच जुन्या मॉडेलांत सेव्ह केल्यावर ‘रीबूट करा’ अशी बारीक ओळ येते, ती पाळल्याशिवाय बदल लागू होत नाही. पान उघडा, डीएचसीपी बंद, सेव्ह, रीबूट, परत पान उघडून बंदच आहे ना बघा. मग मोबाइलवर वायफाय ‘विसरा’ आणि नव्याने जोडा. लॅपटॉपवर ‘आयपीकॉन्फिग /रिलीज’ आणि मग ‘आयपीकॉन्फिग /रिन्यू’.

मानेवाडा_मजला२
झालं! रीबूटचीच भानगड होती. मोबाइल, टीव्ही चालले. दादाच्या लॅपटॉपला मात्र आता १६९.२५४ पासून सुरू होणारा पत्ता आला.

सावजी_सर्व्हर
१६९.२५४ म्हणजे लॅपटॉपने पत्ता मागितला, कोणीच दिला नाही, म्हणून त्याने स्वतःलाच एक चिकटवला. बाकी सगळ्यांना मिळतोय म्हणजे डेस्कटॉप ठीक आहे. तार ओढून परत लावा, राउटरचा दुसरा लॅन पोर्ट वापरून बघा, आणि लॅपटॉपवर बाहेरचा अँटिव्हायरस असेल तर त्याची फायरवॉल दोन मिनिटं थांबवून बघा. पत्ता मागायची आणि द्यायची बोली यूडीपी ६७ आणि ६८ या पोर्टांवरून होते. नवं नेटवर्क दिसलं की काही अँटिव्हायरस ते ‘अनोळखी’ ठरवून हेच अडवतात. सगळ्यांनाच १६९.२५४ येत असता, तर हाच तपास डेस्कटॉपवर केला असता.

इतर वाचणाऱ्यांसाठी पुढची पायरी लिहून ठेवतो. पत्ता १३७ चा आला तरी नेट नसेल तर क्रमाने पिंग करा, म्हणजे कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘पिंग’ आणि पुढे पत्ता टाकून उत्तर येतं का बघा: आधी १९२.१६८.१३७.१, मग १.१.१.१, मग एखाद्या साइटचं नाव. पहिलंच अडलं तर तार, वायफाय किंवा डेस्कटॉपची फायरवॉल. पहिलं चाललं आणि दुसरं अडलं तर टिक चुकीच्या आयकॉनवर आहे किंवा डायल तुटलंय. दोन्ही चालली आणि नाव अडलं तर दोष डीएनएसचा, म्हणजे साइटच्या नावावरून पत्ता शोधायच्या सोयीचा. आयसीएस डीएनएसची चौकशी स्वतःमार्फत पुढे पाठवतं आणि हा भाग अधूनमधून झोपतो, तेव्हा त्या यंत्रात हाताने १.१.१.१ किंवा ८.८.८.८ भरून मोकळे व्हा.

मानेवाडा_मजला२
अँटिव्हायरसच होता. आता शेवटचं: लॅपटॉपवर बहुतेक साइट उघडतात, पण बँकेची आणि एका सरकारी पोर्टलची नुसती फिरत राहते. डेस्कटॉपवर त्याच साइट पटकन उघडतात.

तारजोड
पीपीपीओईचा जुना आजार, एमटीयू, म्हणजे एका पाकिटाचा कमाल आकार. तारेवरून एका वेळी १५०० बाइटांचं पाकीट जातं, त्यात पीपीपीओई स्वतःचे ८ बाइट लावतं, उरतात १४९२. डेस्कटॉपला हे माहीत असतं कारण डायल तोच करतो. लॅपटॉपला माहीत नसतं, तो समोरच्या साइटला १५०० च्या हिशोबाने मोठी पाकिटं पाठवायला सांगतो. वाटेत पाकीट अडलं की ‘लहान करून पाठव’ असा निरोप साइटकडे परत जायला हवा. काही साइटींच्या फायरवॉल तो निरोपच गिळतात. मग जोडणी होते, पण पान येत नाही.

खात्री करून घ्या. लॅपटॉपवर कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘पिंग -एफ -एल १४७२ १.१.१.१’. पाकीट तोडावं लागेल अशी तक्रार किंवा नुसता टाइमआउट आला पाहिजे. मग तेच १४६४ ने करा. ते सुरळीत गेलं तर निदान पक्कं: १४६४ अधिक २८ बाइटांचं मथळ्याचं ओझं, बेरीज १४९२. १४६४ पण अडलं तर दहा-दहाने खाली या, जाईल त्या आकड्यात २८ मिळवा.

उपाय: प्रॉम्प्ट ‘रन अॅज अॅडमिनिस्ट्रेटर’ने उघडून ‘नेटएसएच इंटरफेस आयपीव्ही४ सेट सबइंटरफेस "वाय-फाय" एमटीयू=१४९२ स्टोअर=परसिस्टंट’. अवतरणातलं नाव तुमच्या अडॅप्टरचं जे असेल तेच. तारेने जोडत असाल तर तारेच्या अडॅप्टरवर करा.

मोबाइल आणि टीव्हीत हा आकडा बदलायची सोय सहसा नसते. राउटर स्वतः पीपीपीओई करतो तेव्हा तो पाकिटाचा आकार परस्पर कमी करून घेतो, म्हणून राउटरवर असताना हा त्रास कोणाला जाणवत नाही.

इतवारी_आयटी
एवढा खटाटोप का? सेटिंग्जमध्ये ‘मोबाइल हॉटस्पॉट’ चालू करा, झालं.

सावजी_सर्व्हर
ज्याच्याकडे लॅपटॉप आहे आणि नेट तारेने किंवा यूएसबी टेदरिंगने येतं, त्याला हेच सोपं. सेटिंग्ज, ‘नेटवर्क अँड इंटरनेट’, ‘मोबाइल हॉटस्पॉट’, नाव-पासवर्ड, चालू. पत्ते इथेही १३७ चेच मिळतात. पण मर्यादा आठ यंत्रांची आहे. कोणी जोडलेलं नसलं की तो वीज वाचवायला स्वतःहून बंद होतो, तो पर्याय तिथेच खाली आहे, काढून टाका. आणि पीपीपीओईवर तो अनेकदा ‘या पीसीला इथरनेट, वायफाय किंवा सेल्युलर जोडणीच नाही’ म्हणून हात वर करतो. धागाकर्त्याच्या डेस्कटॉपला वायफायही नाही. लॅपटॉप वायफायनेच नेट घेऊन त्याच कार्डाने पुढे देत असेल तर एकच रेडिओ दोन्हीकडे धावतो, वेग निम्म्यावर येतो. आणि मधला सिमेंटचा स्लॅब! खालच्या टेबलावर यूएसबीचा वायफाय डोंगल लावला तरी वरच्या मजल्यावर दोनच कांड्या दाखवेल.

मानेवाडा_मजला२
आज डेस्कटॉप रीस्टार्ट केला तर वर परत नेट बंद. टिक जिथल्या तिथे आहे. टिक काढून पुन्हा केली की चालतं. रोज हेच करायचं का बाप्पा?

महाल_वायफाय
नाही. विंडोज १० च्या १७०९ आवृत्तीपासून हा बदल झाला आहे. आयसीएसची सर्व्हिस गरजेपुरती सुरू होते, चार मिनिटं ट्रॅफिक नसला की थांबते आणि आपोआप परत उठत नाही. मायक्रोसॉफ्टचाच उपाय आहे, दोन भागांत. ‘सर्व्हिसेस’ खिडकीत ‘इंटरनेट कनेक्शन शेअरिंग’ शोधा, स्टार्टअप टाइप ‘ऑटोमॅटिक’ करा. मग रजिस्ट्री एडिटरमध्ये एचकेइवाय लोकल मशीन, सॉफ्टवेअर, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, करंट व्हर्जन, शेअर्ड अॅक्सेस. ‘शेअर्ड अॅक्सेस’ नसेल तर तयार करा. त्यात ३२ बिटांचा डीवर्ड बनवा, नाव ‘एनेबल रीबूट पर्सिस्ट कनेक्शन’, चारही शब्द सलग, किंमत १. रीस्टार्ट.

पीपीपीओई आपोआप डायल व्हायला टास्क शेड्यूलरमध्ये नवं टास्क: ट्रिगर ‘अॅट स्टार्टअप’, अर्ध्या मिनिटाचा उशीर, क्रिया ‘रासडायल’, पुढे जोडणीचं नाव, युजरनेम, पासवर्ड. पासवर्ड तिथे उघडा दिसतो, तेव्हा डेस्कटॉप सगळ्यांच्या हाताळणीत असेल तर विचार करून करा.

आणि स्लीप ‘नेव्हर’ करा. स्क्रीन बंद झाली तर हरकत नाही, यंत्र झोपलं की वरचं नेट गेलं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये दोन्ही लॅन अडॅप्टरच्या ‘पॉवर मॅनेजमेंट’ टॅबातली ‘वीज वाचवायला हे यंत्र बंद करू दे’ ही टिक काढा. यूएसबी अडॅप्टर अर्ध्या तासाने गायब होतो अशा तक्रारींमागे बहुधा हीच टिक असते.

वर्‍हाडी_पेंग्विन
घरात जुना कॉम्प्युटर पडला असेल तर त्यावर उबुंटू किंवा मिंट टाका. पीपीपीओईची जोडणी ‘डीएसएल’ नावाने बनते. ‘घर’ पोर्टाच्या आयपीव्ही४ टॅबात पद्धत ‘शेअर्ड टू अदर कॉम्प्युटर्स’ निवडा, बस. नेटवर्क मॅनेजर स्वतः १०.४२.०.१ पत्ता घेतो आणि वाटपही करतो. रीस्टार्ट केल्यावर टिकून राहतं, आणि एमटीयूची कापणी, म्हणजे पाकिटाचा आकार कमी करणं, फायरवॉलच्या एका नियमात सगळ्या मोबाइल-टीव्हींसाठी एकदम होते. अॅपलच्या मॅक कॉम्प्युटरवालेही सेटिंग्जमध्ये जनरल, शेअरिंग, ‘इंटरनेट शेअरिंग’ असं करू शकतात.

धरमपेठ_डेस्क
विजेचा हिशोब कोणी मांडला नाही. मॉनिटर बंद ठेवून साधा डेस्कटॉप नुसता बसला तरी ८० वॅट धरा. चोवीस तास, तीस दिवस: ५७.६ युनिट. राउटर ८ वॅटचा धरला तर ५.८. फरक जवळपास ५२ युनिटांचा, महावितरणच्या बिलावरचा तुमच्या टप्प्याचा दर लावून बघा. नव्या राउटरचे पैसे फार महिने न लागता वसूल होतात. मे महिन्यात ४५ अंशांत डेस्कटॉप दिवसरात्र चालवणं वेगळंच. कूलरसमोर कॅबिनेट ठेवू नका, ओलसर हवा आत ओढून पंखा आणि पोर्टांवर धुळीचा चिखल बसतो. लॅनची तारही कूलरच्या पंपाच्या वायरीला गुंडाळून नेऊ नका.

लाइट गेली की डेस्कटॉपचा यूपीएस दहा-पंधरा मिनिटं काढतो. राउटरला १२ व्होल्टचा छोटा यूपीएस काही तास पुरतो.

इतवारी_आयटी
वर भाडेकरू असतील तर हाच जुगाड चालेल का?

तारजोड
तांत्रिकदृष्ट्या चालेल, देऊ नका. आयसीएस सगळ्यांना एकाच नेटवर्कात ठेवतं, कोणाला वेगळं काढत नाही. कोणी काय केलं याची नोंदही राहत नाही, आणि बाहेरून सगळं तुमच्या नावावर दिसतं. बहुतेक कंपन्यांच्या अटींतही जोडणी घराबाहेरच्यांना देण्यास मनाई असते. घरच्यांसाठी करतानाही डेस्कटॉपचे शेअर फोल्डर पासवर्डशिवाय उघडे ठेवू नका.

मानेवाडा_मजला२
रजिस्ट्रीचं काम केलं, दोन्ही रीस्टार्टनंतर नेट टिकलं. बँकेची साइटही उघडली. आता डेस्कटॉपवर १४८ येतात, वर तारेने लॅपटॉपला ९४ च्या पुढे जात नाही. वरची तार जुनी आहे, बदलू का?

तारजोड
तार बदलायच्या आधी आकडा बघा. ९४-९५ हा १०० एमबीपीएसच्या दुव्याचा ठरलेला कमाल वेग आहे, उरलेलं पाकिटांच्या मथळ्यांत जातं. म्हणजे वाटेत कुठला तरी एक दुवा १०० वर आहे. डेस्कटॉपवर ‘घर’ आयकॉनवर डबल क्लिक करा, ‘स्पीड’समोर १.० जीबीपीएस आहे की १०० एमबीपीएस? तसंच लॅपटॉपवर.

दोन्हीकडे १०० असेल तर राउटरचे लॅन पोर्टच १०० वाले आहेत, तार निर्दोष. जुन्या स्वस्त राउटरांत हेच असतं, मागच्या लेबलवरच्या मॉडेल क्रमांकावरून कळेल. मग ‘घर’ची तार आधी एका गिगाबिट स्विचमध्ये घाला. हा स्विच वेगळा, खांबाकडचा नाही. त्यातून एक तार राउटरला वायफायपुरती आणि एक थेट वर लॅपटॉपला.

‘घर’समोर १ जीबीपीएस आणि फक्त लॅपटॉपसमोर १०० असेल, आणि लॅपटॉपचा स्वतःचा पोर्ट गिगाबिट असेल, तर दोष तारेत. १०० एमबीपीएसला चारपैकी दोनच जोड्या लागतात, पिन १, २, ३ आणि ६. गिगाबिटला आठही. आतली एखादी वायर सैल असली की दोन्ही टोकं गुपचूप १०० वर उतरतात, नेट बंद पडत नाही म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. दोन्ही टोकांचे आरजे४५ कनेक्टर कापून नवे क्रिंप करा, म्हणजे चिमट्याने दाबून बसवा: पांढरा-नारंगी, नारंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी, दोन्हीकडे हाच क्रम. तार कापल्यावर आतला धागा चंदेरी दिसला आणि दोन-तीनदा वाकवून तुटला, तर ती तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची आहे. ती क्रिंप करत बसू नका, शुद्ध तांब्याची कॅट ५ई ओढा.